प्रोजेक्टवर नाव काय घालू?

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

‘मी राज्यातल्या एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात सहयोगी प्राध्यापक आहे. आठ महिन्यांपूर्वी रोटेशनने विभागप्रमुखपद माझ्याकडे आलं, तीन वर्षांसाठी. मंजूर पदं नऊ, भरलेली चार. बाकीचे तास सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, पाच जण घेतात. नव्या कुलगुरूंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की नवं शैक्षणिक धोरण फायलीत राहता कामा नये. एम.ए.चं फील्ड प्रोजेक्ट खरोखर झालं पाहिजे, इंटर्नलचे गुण खरे पाहिजेत, वर्गात नोट्स उतरवून देणं थांबलं पाहिजे. मला ते मनापासून पटलं. दिवाळीच्या सुट्टीत बसून मी सात पानी आराखडा केला आणि विभागाच्या बैठकीत मांडला. आमचे सर्वांत ज्येष्ठ सर, ज्यांच्याकडे मी स्वतः एम.ए. शिकले, एवढंच म्हणाले, “मॅडम, असे आराखडे आम्ही बरेच पाहिले.” मग कुणीच काही बोललं नाही. आराखडा सर्वानुमते मंजूर झाला आणि तिथेच राहिला. या सेमिस्टरलाही सगळ्यांना पन्नासपैकी पंचेचाळीसच्या आसपास गुण आहेत. कुलगुरूंकडून लेखी आदेश काढून घेऊ का? की नेतृत्व करणं मला जमत नाही हे मान्य करून पद सोडून देऊ?’

– विभागप्रमुख, वय ४६

*

मॅडम,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे: नको. आठ महिन्यांत पद सोडलंत तर तुमच्या जागी जो येईल तो तुमचा आराखडा वाचणारही नाही, आणि पुढची दहा वर्षं त्या विभागात कुणी काही सुचवलं की तुमचं उदाहरण दिलं जाईल. ‘त्या मॅडमनी करून पाहिलं होतं, आठ महिन्यांत दमल्या.’

तुमच्या पूर्ण पत्रात ‘नेतृत्व’ हा शब्द सहा वेळा आलाय. आपल्याकडे हा शब्द चौकातल्या फ्लेक्सवर इतक्यांदा टांगलेला असतो की तो ऐकला तरी मला गॉगल घातलेला, हात जोडलेला कुणीतरी दिसतो. विद्यापीठात या शब्दाने काय साधतं आणि काय साधत नाही, ते मला फार उशिरा आणि जरा लाजिरवाण्या रीतीने कळलं. तो किस्सा आधी सांगते.

मीही अर्थशास्त्रच शिकवलं, बत्तीस वर्षं. विभागप्रमुख झाले तेव्हा सेमिस्टर पद्धत आमच्याकडे नवीन होती आणि अंतर्गत मूल्यमापनही. मी चार पानी योजना केली. तुमच्याहून तीन पानं कमी, पण उत्साह तेवढाच. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या अर्थव्यवहारावर छोटं प्रोजेक्ट करायचं, त्यावर तोंडी परीक्षा, वगैरे. बैठकीत विरोध झाला नाही. चहा आला, बिस्किटं आली, योजना मंजूर झाली. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द मीच लिहिला आणि त्याखाली समाधानाने सही केली.

पुढच्या मार्चमध्ये काही कागद काढायला गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. ऐन परीक्षेची गर्दी. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि मी कुणाची तरी आई असेन असं समजून विचारलं, “इकॉनॉमिक्सचं प्रोजेक्ट ना? तयार आहे. स्पायरल करून साठ रुपये. मुलीचं नाव काय घालू?”

मी एक प्रत घेतली. साठ रुपये दिले. कव्हरवर माझ्या विभागाचं नाव होतं आणि मार्गदर्शक म्हणून माझ्या सहकाऱ्याचं. आत एका गावच्या दूध संस्थेची माहिती होती, आणि ‘संकलन’ या शब्दातला ‘ल’ सगळीकडे गळला होता. विभागात येऊन कपाट उघडलं. जमा झालेल्या चाळीस प्रोजेक्टांपैकी सव्वीसांमध्ये दूध ‘संकन’ केंद्रावरच जात होतं.

रागाच्या भरात मी नोटीस लिहिली. ती टाइप करायला देण्याआधी आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे एक तरुण सर खोलीत आले. मी ती प्रत त्यांच्यापुढे टाकली. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, मला ठाऊक आहे. मला तासाचे पैसे मिळतात, प्रोजेक्टचे नाही. इथले तास संपले की मी तीन वाजताची एस.टी. पकडून दुसऱ्या कॉलेजात जातो. चाळीस मुलांचं खरं प्रोजेक्ट मी कोणत्या वेळात करून घेऊ, तेवढं सांगा. मी करतो.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या चार पानांत उद्दिष्टं होती, अपेक्षित फलनिष्पत्ती होती, गुणांची विभागणी होती. वेळ कुठून येणार, हे मात्र एका ओळीतही नव्हतं. तुमच्या सात पानांत ते आहे का, एकदा पाहा. माझी पैज आहे की नसेल.

आता तुमचा हिशेब मांडू. पदव्युत्तरचा नवा आराखडा विद्यापीठांच्या विभागांमध्ये २०२३-२४ पासून आला. दोन वर्षांत ८८ क्रेडिट. त्यात दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला चार. वर्गातल्या व्याख्यानाचं एक क्रेडिट पंधरा तासांचं, पण प्रात्यक्षिकाचं किंवा क्षेत्रकामाचं तीस तासांचं. म्हणजे एका मुलाने १२० तास बाहेर काम करायचं आणि कुणीतरी ते पाहायचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास आणि सहयोगी व प्राध्यापकांनी चौदा तास शिकवायचं असतं. तुमच्याकडे नऊऐवजी चार माणसं आहेत, त्यातल्या एक तुम्ही, आणि तुमचा निम्मा दिवस माहिती मागवणाऱ्या ईमेलना उत्तरं देण्यात जातो. आता तुमच्या विभागाच्या भिंतीवरचं वेळापत्रक पाहा. त्यात फील्ड प्रोजेक्ट कुठे आहे? मी पाहिलेल्या बहुतेक विभागांत ते शनिवारच्या शेवटच्या चौकटीत ‘एफ.पी.’ अशा दोन अक्षरांत असतं आणि त्या चौकटीत खोलीचा क्रमांक नसतो.

ज्याला खोली नाही आणि तास नाही ते होणार नाही. तिथे तुमच्या सरांचा विरोध असो की पाठिंबा, काही फरक पडत नाही.

म्हणून आराखड्यात भर घालण्याऐवजी आधी काढून काय टाकता येईल ते शोधा. विभागप्रमुखाच्या हातात खरोखर असलेलं हे एकमेव काम आहे, आणि ते बहुतेक जण करत नाहीत, कारण काढून टाकलेल्या गोष्टीचा फोटो नॅकच्या, म्हणजे मूल्यांकनाच्या, अहवालात लावता येत नाही. तुमच्याकडे प्रत्येक पेपरला दोन चाचण्या, एक सेमिनार आणि एक असाइनमेंट असं इंटर्नल असेल असं धरते, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. पाच पेपर धरले तर एका मुलाची वीस कामं, चाळीस मुलांची आठशे. एका सेमिस्टरला आठशे गोष्टी वाचायच्या असतील तर कुणीही शहाणा माणूस पंचेचाळीस गुण देऊन मोकळा होईल. त्याला आळस म्हणू नका. तुमच्या सहकाऱ्यांनी आपला जीव वाचवण्याचा रास्त मार्ग शोधलाय.

आठशेचे तीनशे करा. दोन पेपरांना मिळून एकच असाइनमेंट ठेवा आणि ते फील्डवरच्या कामातूनच येऊ द्या. यासाठी अभ्यास मंडळाची मंजुरी लागेल, पुढे विद्या परिषदेचीही. तिच्या बैठकीच्या तारखेच्या दोन महिने आधी प्रस्ताव गेला नाही तर तुमचं एक वर्ष गेलंच म्हणून समजा. तीन वर्षांतलं एक वर्ष.

आम्ही असंच काहीसं केलं. हजेरीची समांतर रजिस्टरं बंद केली, एका पेपरातली दोन युनिटं दुसऱ्यातही होती ती कापली, आणि गुरुवारची सकाळ पूर्ण मोकळी काढली. त्या तीन वाजताच्या एस.टी.वाल्या सरांचे दोन तास गुरुवारी सकाळी आणले, म्हणजे फील्डवरचं काम त्यांच्या तासिकेत मोजलं जाईल. कार्यालयाने हरकत घेतली, ‘तास वर्गातच व्हायला हवा’. मी लिहून दिलं की अर्थशास्त्राचा वर्ग गुरुवारी बाजार समितीच्या आवारात भरेल. तो कागद फायलीत अजून असेल.

पहिला गुरुवार. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत. बाजार समितीचा माणूस पुढे, व्यापारी त्याच्या मागे, आणि आमची मुलं वह्या घेऊन त्यांच्या मागे पळतायत. एका ट्रॅक्टरचा लिलाव बघता बघता उरकतो. कुणीतरी मूठभर कांदे उचलतं, दाबून पाहतं, आकडे पुकारले जातात, चिठ्ठी हातात पडते, घोळका पुढे. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांना भाव ऐकूच आले नाहीत. एक मुलगी, जिच्या वडिलांचाच ट्रॅक्टर त्या रांगेत होता, तिने मात्र सगळं टिपलं. शेवटी वडिलांची हिशेबपट्टीही घेऊन आली, त्यातली हमाली, तोलाई सगळं लाल पेनाने वेगळं केलेलं. परतताना बसमध्ये ती म्हणाली, “मॅडम, आपल्या पुस्तकात पूर्ण स्पर्धेचं उदाहरण म्हणून शेतमालाचा बाजार दिलाय. असंख्य विक्रेते, असंख्य ग्राहक. विक्रेते असंख्य आहेत, बरोबर. पण घेणारे मी मोजले. सहाच होते.”

मी ते उदाहरण वीस वर्षं फळ्यावर लिहीत होते.

आमच्याकडेही एक ज्येष्ठ सर होते. पिवळ्या पडलेल्या नोट्स, कडक इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक बैठकीत ‘हे आम्ही पूर्वीच पाहिलंय’. तुमच्या सरांचं वाक्य वाचून मला तेच आठवले. त्या मुलीचं निरीक्षण मी स्टाफरूममध्ये सहज सांगितलं. सरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. “सहा? कोणत्या दिवशी? गुरुवारी? शनिवारी किती असतात ते पाहिलं का? एका दिवसाच्या मोजणीवर अर्थशास्त्र होत नसतं.” पुढच्या गुरुवारी ते छत्री घेऊन बसपाशी उभे होते. त्यांनी मुलांकडून पाच आठवडे मोजणी करून घेतली, वेगवेगळ्या दिवशी, आणि नमुना कसा निवडायचा यावर त्या आवारातच, एका उलट्या क्रेटवर बसून, जे सांगितलं तसं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. योजना चांगली आहे असं ते निवृत्त होईपर्यंत एकदाही म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

तुमच्या सरांकडे आराखडा घेऊन गेलात हीच चूक झाली, आणि तीही भर बैठकीत. ज्यांच्या बाकावर तुम्ही बसलात त्यांनी चार लोकांसमोर तुमच्या योजनेला मान डोलवायची, हे त्यांना जड जाणारच. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा. फाइल नेऊ नका. ‘सर, पूर्वी जे आराखडे झाले त्यांचं काय झालं?’ एवढंच विचारा आणि खरोखर ऐका. त्यांचं वाक्य टोमणा वाटला तरी त्यात माहिती आहे: त्यांनी बरेच पाहिले आहेत. ते का बुडाले हे विभागात फक्त त्यांना माहीत आहे. कोणी निधी थांबवला, कोणत्या वर्षी परीक्षा विभागाने गुण नाकारले, कोण सोडून गेलं. हा इतिहास कुठल्याही इतिवृत्तात मिळणार नाही, कारण तिथे सगळं ‘सर्वानुमते’ असतं. मग त्यांना त्यांच्या विषयातला एखादा खरा प्रश्न द्या. माणूस बदलाला तयार आहे का हे विचारत बसू नका. प्रश्न आवडला तर छत्री घेऊन येतील. नाही आले तर नाही आले, तुमचा गुरुवार त्यांच्यावाचूनही चालू शकतो.

आता कुलगुरूंच्या लेखी आदेशाबद्दल.

आदेश निघेल. आदेश काढणं सोपं असतं. पण कुलगुरूंच्या हातात काय असतं ते नीट पाहा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे त्यांना पाच वर्षं मिळतात. त्यातलं पहिलं विद्यापीठ समजून घेण्यात जातं आणि शेवटचं, पुढचे कोण याच्या चर्चेत. पदभरतीची चावी शासनाकडे. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेकडे. वर्गाचं दार लागलं की आत काय चालतं ते शिकवणाऱ्याकडे. आदेश त्या दारापर्यंत पोहोचतो, आत शिरत नाही. तुमच्या सहकाऱ्यांना आदेश दाखवलात तर ते दुसऱ्या दिवसापासून आदेशाचं पालन केल्याचे कागद तयार करतील. झेरॉक्सवाल्याचा धंदा वाढेल.

वरून, घाईने आणलेल्या बदलाचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण मुंबई विद्यापीठातलं आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका, जवळपास सतरा लाख, संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. तेही त्याच हंगामापासून. कल्पना वाईट होती का? मुळीच नाही. गठ्ठे फिरवायला नकोत, बेरजेच्या चुका नकोत, कोणी किती तपासले ते दिसतं. पण कंपनी ठरली ती परीक्षा सुरू झाल्यावर. शिक्षकांना सराव मिळाला नाही आणि स्कॅनिंग मागे पडलं. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, परदेशी जाणाऱ्या आणि पुढच्या प्रवेशाला थांबलेल्या मुलांचे हाल झाले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. आणि गंमत पाहा, पडद्यावरची तपासणी पुढेही चालू राहिली आणि अंगवळणी पडली. एका विद्याशाखेपासून, एका हिवाळी परीक्षेपासून सुरुवात केली असती तर त्या वर्षीचा मनस्ताप टळला असता, असं मला तरी वाटतं.

याच्या उलट टोकाला अधिकारच नसलेल्या माणसाचं उदाहरण आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. जपानच्या महिला विद्यापीठाबद्दलचं एक पत्रक हाती आलं, त्यातून कल्पना पक्की झाली. सरकारची मान्यता नव्हती, तिजोरी नव्हती. सुरुवातीच्या विद्यार्थिनी पाच. शिक्षण मातृभाषेतून आणि पदवीचं नाव बी.ए. नव्हे, ‘गृहीतागमा’. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींची मोठी देणगी आली ती १९२० मध्ये, आणि कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९५१ मध्ये. पस्तीस वर्षं मान्यतेशिवाय! हे उदाहरण भाषणात फार वापरलं जातं, म्हणून एक सावधगिरीही सांगते. कर्व्यांनी नवं उभारलं. नव्या घरात जुनं सामान नसतं. तुम्हाला भरलेल्या घरात भिंत हलवायची आहे, आणि माणसं आत राहतायत. ते जास्त कटकटीचं काम आहे, म्हणून कर्व्यांशी तुलना करून स्वतःला कमी लेखू नका.

तुमच्या कामाच्या जवळचं उदाहरण बाहेरचं आहे. कार्ल वायमन हे भौतिकशास्त्रज्ञ. २००१ चं नोबेल त्यांना मिळालं आणि त्यानंतर त्यांनी आपला बराचसा वेळ विज्ञान कसं शिकवलं जातं ते बदलण्यात घातला. कोलोरॅडो विद्यापीठात २००६ पासून आणि कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००७ पासून. नोबेलवाल्या माणसाला प्राध्यापकांना व्याख्यानं देत फिरता आलं असतं. त्यांनी पैसा थेट विभागांना दिला आणि त्यातून विषयात पीएच.डी. केलेली तरुण माणसं नेमायला लावली. ही मंडळी एकेका प्राध्यापकाच्या शेजारी बसून त्याचा एकेक कोर्स त्याच्याबरोबर नव्याने बांधत. कार्यशाळा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो यांपेक्षा ते शेजारी बसणं उपयोगी पडलं. आणि एकाच विद्यापीठात काही विभाग खूप बदलले, काही जवळपास नाहीत. विभागप्रमुख कोण आहे आणि त्याला हे किती हवंय, यावर बरंच अवलंबून होतं. तेव्हा वरून आदेश आला नाही म्हणून तुमची खुर्ची दुबळी ठरत नाही. बदल टिकतो किंवा मरतो तो याच पायरीवर.

तुमच्याकडे तेवढा पैसा नाही. पण विषयात पीएच.डी. किंवा सेट-नेट झालेली पाच तरुण माणसं आहेत, ज्यांना तुम्ही पत्रात ‘सीएचबीवरचे पाच जण’ असं एका ओळीत उरकलंत. हे वाचून मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमच्या विभागाचं निम्मं शिकवणं ती माणसं करतात. विभागाच्या बैठकीला त्यांना बोलावता का? बहुधा बोलावत नसाल, ती मस्टरवर नाहीत म्हणून. आधी ते सुरू करा. आणि त्यांच्याकडून फुकट काम करून घेऊन ‘नवं धोरण राबवलं’ असं म्हणू नका. क्षेत्रकामाचे तास त्यांच्या तासिकांत धरले जातील असा कागद निघाल्याशिवाय त्यांच्याकडे एकही प्रोजेक्ट देऊ नका.

आणि हा कागद मागायलाच कुलगुरूंकडे जा. आदेश मागायला नको. ते नवीन आहेत, उत्साही आहेत, त्यांना काहीतरी दाखवायचंय. अशा वेळी माणूस हो म्हणतो. तीन गोष्टी मांडा: सीएचबीच्या तासिकांचा हा प्रश्न, मुलांच्या प्रवासाचा खर्च (एस.टी.ची भाडी, फार नाही), आणि अंतर्गत गुण पोर्टलवर भरायची शेवटची तारीख. ही तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त प्रोजेक्टं तिथेच मेली. पोर्टल बंद होतं अमुक तारखेला, प्रोजेक्ट संपतं त्यानंतर आठ दिवसांनी. मग सगळे आधीच अंदाजे गुण भरून ठेवतात, आणि एकदा गुण भरले की मुलं कशाला उन्हात फिरतील?

गुणांच्या फुगवट्याबद्दल थोडक्यात. सगळ्यांना खरे गुण द्या असा उपदेश करू नका. ज्याने खरे दिले त्याच्याकडे मुलं गाइड म्हणून येणार नाहीत आणि शेजारच्या विभागाचा निकाल चांगला दिसेल. दोघा-दोघांनी एकमेकांची पाच-पाच प्रोजेक्टं वाचायची, एवढंच ठरवा. दुसरं कुणी वाचणार आहे म्हटलं की हात आपोआप आखडतो. पहिल्या वर्षी तुमची स्वतःची पाच द्या, आणि तीही त्या ज्येष्ठ सरांकडे. ते तुमच्या प्रोजेक्टांत चुका काढतील. काढू द्या. त्यांच्या विद्यार्थिनीच आहात.

पद सोडायची वेळ कधी येते, तेही सांगते, कारण तुम्ही विचारलंत. न केलेल्या कामाचे गुण भरून सही करा असं वरून सांगितलं तर. तेव्हा आठ महिने झालेत की आठ दिवस, पाहू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तुमच्यानंतर कोण? रोटेशन आहे, म्हणजे नाव आजच ठरलेलं आहे. मी हे केलं नाही. माझा गुरुवार माझ्यानंतर दीड वर्षात बंद पडला, कारण पुढचे प्रमुख त्यात कधी आलेच नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती ‘मॅडमची कांद्याची योजना’ होती. तुमच्या पुढच्या प्रमुखाला आताच या कामातलं काहीतरी त्याच्या नावावर द्या. गावांची यादी, तोंडी परीक्षा, जे त्याला रुचेल ते. श्रेय त्याला जाईल, जाऊ दे. अभ्यास मंडळाच्या ठरावावर सूचक म्हणूनही त्याचंच नाव घाला.

सुरुवात मात्र परीक्षा विभागापासून करा. पोर्टलची तारीख कुलगुरू मान्य करतील, पण ती प्रत्यक्षात बदलतो तिथला एखादा वरिष्ठ लिपिक, आणि त्याला ती का बदलायची ते कुणी कधी समजावून सांगत नाही. सोमवारी जाऊ नका, सोमवारी खिडकीवर रांग असते. बुधवारी दुपारी तीननंतर जा. बरोबर गेल्या वर्षीचं एक प्रोजेक्ट न्या आणि ते त्याच्यासमोर उघडून दाखवा. शक्यता अशी आहे की त्याची मुलगीही कुठेतरी एम.ए. करत असेल, आणि साठ रुपयांचं स्पायरल त्यानेही आणून दिलं असेल.